वेब पेजचा कोड तपासणारं छोटं टूल लिहितोय: पार्सर, नियम आणि खोट्या एररबद्दल चर्चा

अर्धविराम

नमस्कार मंडळी. एका टीममध्ये बरेच जण एचटीएमएल लिहायला लागले की प्रत्येकाचा हात वेगळा दिसतो, कुणी टॅग कॅपिटलमध्ये लिहितं, कुणी अ‍ॅट्रिब्यूटला सिंगल कोट लावतं, कुणी कोटच लावत नाही, आणि इमेजला ऑल्ट (चित्राऐवजी वाचायचा मजकूर) द्यायचं तर हमखास राहून जातं. रिव्ह्यू करताना हे सगळं डोळ्यांनी हुडकत बसलं की मूळ काम बघायला डोकं शिल्लक राहत नाही. म्हणून एक छोटं टूल लिहायला घेतलंय, फाइल द्यायची आणि ते कुठल्या ओळीवर काय चुकलंय ते सांगणार, बास. तयार लिंटर, म्हणजे कोड न चालवता त्यातल्या चुका दाखवणारी टूल, आहेत, एचटीएमएलसाठी एचटीएमएलहिंट, सीएसएससाठी स्टाइललिंट, जावास्क्रिप्टसाठी ईएसलिंट, आणि ते वापरावेतच, पण आमचे काही नियम आमच्या प्रोजेक्टपुरते आहेत आणि शिवाय हे प्रकरण आतून कसं चालतं ते मला नीट समजून घ्यायचंय.

सध्या पायथनसोबत येतो तोच एचटीएमएल पार्सर (मजकूर वाचून त्यातले टॅग, अ‍ॅट्रिब्यूट वेगळे करणारा कोड) घेतलाय, वेगळं काही इन्स्टॉल करायला नको म्हणून. त्याच्या क्लासवरून आपला क्लास काढायचा आणि टॅग उघडला, टॅग बंद झाला, मजकूर आला अशा वेळी काय करायचं ते लिहायचं, सोपं आहे. कुठे आहोत ते गेटपॉस सांगतं, फक्त त्यात ओळ १ पासून मोजलेली असते आणि कॉलम ० पासून, त्यामुळे छापताना कॉलममध्ये एक मिळवायचा, नाहीतर एडिटरमध्ये कर्सर एक घर अलीकडे जातो.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. हा पार्सर टॅगची आणि अ‍ॅट्रिब्यूटची नावं आपल्या हातात द्यायच्या आधीच लोअरकेस करून टाकतो, म्हणजे 'टॅग लहान अक्षरात हवेत' हा नियम त्या नावावरून तपासताच येत नाही, आणि व्हॅल्यूभोवतीचे कोटही काढून टाकलेले असतात. यावर उपाय आहे, गेट स्टार्टटॅग टेक्स्ट नावाची मेथड टॅगचा मूळ मजकूर जसाच्या तसा देते, स्टाइलचे नियम मी त्याच्यावर चालवतोय. दुसरं म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट जोड्यांच्या लिस्टमध्ये येतात आणि आपण सवयीने लगेच त्याची डिक्शनरी करतो. ती करू नका! एकाच टॅगवर क्लास दोनदा लिहिला असेल तर लिस्टमध्ये दोन्ही दिसतात, डिक्शनरीत शेवटचा उरतो, आणि ब्राउझर नेमका पहिला धरतो. म्हणजे चूक तर लपलीच, वर आपल्या टूलला भलतीच व्हॅल्यू खरी वाटली.

आता विचारायचंय ते असं: टॅगची जुळणी कशी तपासावी, पहिले नियम कुठले घ्यावेत, आणि टेम्प्लेट फाइलींचं (ज्यांत व्हॅल्यू नंतर भरल्या जातात) काय करावं? अनुभवी लोकांनी सविस्तर लिहा प्लीज.

नवशिका

मस्त धागा, वाचतोय. एक बाळबोध प्रश्न, एवढं सगळं कशाला, रेगेक्सने (मजकुरात नमुना शोधायची पद्धत) होणार नाही का? म्हणजे इमेज टॅग शोधायचा, त्यात ऑल्ट आहे का बघायचं, एका ओळीत काम.

कंस_पूर्ण

@नवशिका प्रश्न बाळबोध अजिबात नाही, सगळे इथूनच सुरुवात करतात. एका ठरावीक फाइलवर चालेलही. पण असं बघ, टायटल अ‍ॅट्रिब्यूटच्या आत कुणी 'किंमत > मर्यादा' असं लिहिलं तर कोटच्या आतलं ते मोठेपणाचं चिन्ह एकदम कायदेशीर आहे, तुझा रेगेक्स मात्र तिथेच टॅग संपला असं समजणार आणि पुढे ऑल्ट असूनही नाही म्हणून ओरडणार. कमेंटमध्ये टाकलेला जुना कोड, स्क्रिप्टच्या आत स्ट्रिंगमध्ये लिहिलेला डिव्ह, हे सगळं रेगेक्सला खरे टॅगच वाटतात. त्या प्रत्येकासाठी अपवाद जोडत गेलास तर शेवटी स्वतःच्या हाताने अर्धवट टोकनायझर (मजकुराचे टॅग, कमेंट असे तुकडे पाडणारा भाग) लिहून बसशील, आणि एचटीएमएलच्या स्टँडर्डमध्ये टोकनायझरच्या ८० स्टेट (अवस्था) आहेत, ते काम ज्यांनी केलंय त्यांचंच वापरावं. पायथनचा तो पार्सर स्क्रिप्ट आणि स्टाइलच्या आतलं सगळं मजकूर म्हणून सोडून देतो, एवढ्यानेच निम्म्या खोट्या एरर जातात.

रेगेक्स लागतोच, पण टॅगचा तुकडा अलग झाल्यावर त्याच्या आतलं तपासायला.

मोकळीओळ

धागाकर्त्यांनी पार्सर योग्य निवडलाय असं माझं मत, आणि कारण लिहिते कारण बरेच जण इथे ब्यूटिफुल सूप सुचवतील. मला ती लायब्ररी आवडते, वेब पेजमधून माहिती काढायला उत्तम आहे, पण या कामाला नाही. ती ज्यावर चालवता येते ते एचटीएमएल५ लिब किंवा ब्राउझर टॅगचं जे झाड (कशाच्या आत काय याची मांडणी) बनवतात ते दुरुस्त केलेलं असतं. पॅराग्राफच्या पी टॅगच्या आत कुणी डिव्ह उघडला तर ब्राउझर डिव्ह दिसताक्षणी आधीचा पी बंद करून टाकतो, आणि मग खाली लेखकाने लिहिलेला पी बंद करणारा टॅग आला की त्याला उघडा पी सापडत नाही म्हणून स्टँडर्डप्रमाणे तिथे एक नवा रिकामा पी तयार होतो. म्हणजे झाडात दोन पी, मध्ये डिव्ह, सगळं अगदी नीट बंद झालेलं! पेजवर मात्र एक अनाकलनीय रिकामी जागा दिसते आणि माणूस सीएसएसमध्ये मार्जिन शोधत बसतो. झाड तपासणाऱ्या टूलला यात काहीच चुकीचं दिसणार नाही, कारण चूक झाडात नाहीच, ती मूळ मजकुरात आहे.

त्यामुळे माझं ठाम म्हणणं, स्टाइल तपासणारं टूल दुरुस्ती न करणाऱ्या पार्सरवरच उभं करावं. १९७८ साली बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी लिंट लिहिलं ते कंपायलर जे निमूट चालवून घेतो त्यातलं संशयास्पद काय ते दाखवायला. एचटीएमएलमध्ये तर ब्राउझर जवळपास सगळंच चालवून घेतो, त्यामुळे इथे त्याची गरज जास्तच.

अर्धविराम

@मोकळीओळ ताई, तो रिकाम्या पीचा प्रकार मी बघितलेला आहे पण कारण आज कळलं. खूप आभार. आता जुळणीबद्दल कुणी सांगा, साधा स्टॅक (शेवटी ठेवलेलं आधी निघतं अशी यादी) घेऊन बसलोय, पण एक डिव्ह बंद करायचा राहिला की त्याच्यानंतरच्या प्रत्येक टॅगवर एरर येतेय.

कंस_पूर्ण

हे सविस्तर लिहितो, कारण टूल लोक वापरतात की बंद करून टाकतात ते या भागावर ठरतं.

स्टॅकवर नुसतं टॅगचं नाव टाकू नका, नाव आणि जिथे उघडला ती ओळ-कॉलम, दोन्ही टाका. बंद करणारा टॅग आला की वरचाच जुळतोय का बघा, जुळला तर काढा. नाही जुळला तर लगेच एरर देऊ नका, स्टॅकमध्ये खाली कुठे त्याच नावाचा उघडा टॅग आहे का शोधा. सापडला, तर त्याच्या वर जे जे आहे ते बंद करायचं राहिलंय, त्या प्रत्येकाची एरर ते जिथे उघडले त्या ओळीवर द्या आणि सगळे काढून टाका. सापडलाच नाही, तर हा बंद करणारा टॅग जास्तीचा आहे, एवढी एकच एरर द्या आणि स्टॅकला हात लावू नका. उदाहरणार्थ १२व्या ओळीवर डिव्ह उघडला, १४व्यावर स्पॅन उघडला, २०व्या ओळीवर डिव्ह बंद झाला. साधा स्टॅक म्हणेल '२० व्या ओळीवर चूक', पण २०वी ओळ अगदी बरोबर आहे, चूक १४ वर आहे आणि माणसाला तिथेच न्यायला हवं. तुमच्याकडे एररची माळ लागतेय ती न जुळलेला टॅग स्टॅकवर तसाच पडून राहतोय म्हणून, वरच्या पद्धतीने ती थांबेल.

मग अपवाद. जे टॅग बंद होतच नाहीत ते स्टॅकवर टाकायचे नाहीत, स्टँडर्डमध्ये असे १३ आहेत: एरिया, बेस, बीआर, कॉल, एम्बेड, एचआर, आयएमजी, इनपुट, लिंक, मेटा, सोर्स, ट्रॅक आणि डब्ल्यूबीआर. काही टॅग बंद नाही केले तरी चालतं, एलआय, पी, टीडी, टीआर, ऑप्शन वगैरे, तिथे टीमने ठरवायचं. गूगलची एचटीएमएल-सीएसएस स्टाइल गाइड तर ऐच्छिक टॅग गाळा असं सुचवते, मला ते पटत नाही, मी सगळे बंद करायला लावतो कारण वाचणाऱ्याला अंदाज बांधत बसावं लागत नाही.

आणि एक छुपी जागा. डिव्हच्या शेवटी तिरपी रेघ देऊन कुणी तो तिथल्या तिथे मिटवला तर पायथनचा पार्सर त्याला स्वतः मिटलेला टॅग म्हणून वेगळ्या मेथडकडे पाठवतो, पण ब्राउझर ती रेघ चक्क दुर्लक्षित करतो आणि डिव्ह उघडाच राहतो, पुढचं सगळं त्याच्या पोटात जातं. एसव्हीजीच्या (चित्रांसाठीची टॅगची भाषा) आत मात्र तीच रेघ खरी असते. म्हणजे नियम असा हवा: एसव्हीजी किंवा मॅथएमएलच्या (गणितासाठीची तशीच भाषा) बाहेर, त्या १३ सोडून इतर टॅगवर अशी रेघ दिसली की एरर.

टर्मिनलवासी

+१. वरचा प्रतिसाद बुकमार्क केला.

मोकळीओळ

नियम कुठले घ्यावेत याबद्दल. मी दोन ढीग करते, एक ज्याने वापरणाऱ्याचं नुकसान होतं आणि दुसरा ज्याने फक्त आपल्या डोळ्यांना त्रास होतो. पहिल्या ढिगातले आधी.

डॉकटाइप हवाच, नसेल तर ब्राउझर क्वर्क्स मोडमध्ये (जुन्या ब्राउझरसारखं वागायची पद्धत) जातो आणि लेआउटचं गणित बदलतं. एचटीएमएल टॅगवर भाषा हवी, स्क्रीन रीडर उच्चार कुठल्या भाषेत करायचा ते त्यावरून ठरवतो. कॅरेक्टर सेट सांगणारा मेटा टॅग फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटमध्ये पूर्ण यायला हवा असं स्टँडर्ड सांगतं, आणि हे बाइट आहेत, अक्षरं नाहीत, म्हणून हा एक नियम फाइल बायनरी वाचून तपासा. वर मोठी कमेंट देवनागरीत लिहिली असेल तर यूटीएफ-८ मध्ये एकेका चिन्हाला ३ बाइट जातात, साधारण ३४० चिन्हांतच मर्यादा संपते. फॉर्ममधल्या बटणाला टाइप लिहिलेला असावा, नसेल तर ते सबमिट धरलं जातं आणि 'आणखी दाखवा' बटण दाबल्यावर फॉर्मच निघून जातो. एकच आयडी दोनदा नको, नाहीतर दुसऱ्या इनपुटचं लेबल क्लिक केलं की कर्सर पहिल्यात जातो.

ऑल्टचा नियम लिहिताना जपून. ऑल्ट आहे का एवढंच बघा, रिकामा आहे का ते बघू नका. सजावटीच्या चित्राला रिकामा ऑल्ट देणं हीच योग्य पद्धत आहे, त्याने स्क्रीन रीडर ते चित्र सोडून पुढे जातो. तुमच्या टूलने रिकाम्या ऑल्टवर एरर दिली तर लोक ती घालवायला तिथे 'चित्र' असं लिहून मोकळे होतील, आणि अंध वाचकाला पानभर 'चित्र, चित्र, चित्र' ऐकू येईल. नियमाने आधीपेक्षा वाईट करून ठेवलं! म्हणून मेसेजसुद्धा पूर्ण लिहा: 'ओळ १४, कॉलम ५: इमेजला ऑल्ट नाही. चित्रातली माहिती शब्दांत लिहा, चित्र फक्त सजावटीचं असेल तर ऑल्ट रिकामा ठेवा, पण लिहा.' एवढं वाचल्यावर माणसाला दुसरीकडे शोधावं लागत नाही.

दुसरी_बाजू

सगळं छान चाललंय पण इंडेंटेशनचं कुणीच बोललं नाही, मूळ त्रास तर तोच असतो ना? दोन स्पेस की चार, टॅब की स्पेस. माझ्या मते पहिला नियम तोच हवा.

टर्मिनलवासी

@दुसरी_बाजू इथे जरा असहमत. स्पेस किती हे माणसाला सांगून त्याच्याकडून हाताने दुरुस्त करून घेणं म्हणजे मशीनचं काम माणसाला लावणं. त्यासाठी फॉरमॅटर आहेत, प्रिटियर २०१७ पासून आहे, सेव्ह केलं की झालं. ईएसलिंटने तर २०२३ मध्ये स्वतःचे फॉरमॅटिंगचे नियम कालबाह्य म्हणून जाहीर करून टाकले.

दुसरी_बाजू

जावास्क्रिप्टपुरतं मान्य. पण एचटीएमएलमध्ये स्पेस ही नुसती शोभा नसते. दोन लिंक एकमेकींना चिकटून लिहिल्या आणि फॉरमॅटरने मध्ये नवी ओळ घातली तर पेजवर त्यांच्यात फट दिसते, प्री टॅगच्या आतलं तर हलवायलाच नको. फॉरमॅटर हे सांभाळायला जातात तेव्हा टॅगचा शेवटचा कंस खालच्या ओळीवर नेऊन ठेवतात, ते वाचायला मला तरी जड जातं. म्हणून फाइलला हात न लावता फक्त वॉर्निंग देणारा नियम मला उपयोगी वाटतो, तोही ब्लॉक टॅगपुरता.

मोकळीओळ

हा मुद्दा बरोबर आहे, वॉर्निंग म्हणून ठेवायला हरकत नाही. फक्त त्याने बिल्ड अडवू नये.

नवशिका

मी वरच्या माहितीवरून करून बघायला घेतलं, छोट्या फाइलवर चाललं पण! एक शंका, टेम्प्लेट फाइल दिली की गोंधळ, दुहेरी महिरपी कंसातलं सगळं त्याला विचित्र वाटतं.

कंस_पूर्ण

टेम्प्लेटसाठी एक युक्ती चांगली चालते. पार्सरला देण्याआधी टेम्प्लेटचा प्रत्येक तुकडा तेवढ्याच लांबीच्या भरावाने बदलायचा, नवीन ओळ असेल तिथे नवीन ओळ तशीच ठेवायची. लांबी तीच राहिल्यामुळे पुढच्या सगळ्या ओळी आणि कॉलम बरोबर येतात. भराव म्हणून युनिकोडच्या प्रायव्हेट यूज भागातलं एखादं चिन्ह घ्यायचं जे कुणी खऱ्या मजकुरात लिहिणार नाही. मग आयडीच्या व्हॅल्यूत ते चिन्ह दिसलं की नियमाने गप्प बसायचं, कारण लूपमधला आयडी प्रत्येक वेळी वेगळा असू शकतो, आपल्याला इथून कळणार नाही.

अडतं ते अटींपाशी. अट खरी असेल तर एका क्लासचा डिव्ह उघडा, नाहीतर दुसऱ्या क्लासचा, आणि खाली बंद करणारा एकच. मजकुरात दोन उघडे आणि एक बंद दिसतो पण कोड बरोबर आहे. अशा फाइलींना जुळणीचा नियम लावूच नका, तो टेम्प्लेट चालवून तयार झालेल्या पेजवर लावा. खोटी एरर देण्यापेक्षा न बोललेलं बरं, दोन-चार खोट्या एरर आल्या की लोक खऱ्याही वाचत नाहीत.

टर्मिनलवासी

टूल रोजच्या कामात बसवायचं तर थोडं माझ्याकडून. एरर छापताना फाइल, कोलन, ओळ, कोलन, कॉलम, कोलन आणि मग मेसेज, याच क्रमाने छापा, विम आणि बाकीचे बरेच एडिटर ते वाचून थेट त्या जागी उडी मारतात. एक्झिट कोड (टूल संपताना देतं तो आकडा) ईएसलिंटसारखे ठेवा: सगळं ठीक तर ०, एरर सापडल्या तर १, टूलच मोडलं किंवा कॉन्फिग चुकलं तर २. एक आणि दोन वेगळे नसतील तर टूल पडलंय की कोड चुकलाय हे कळायला लॉग उपसत बसावं लागतं.

गिटचा प्री-कमिट हुक (कमिटच्या आधी आपोआप चालणारी स्क्रिप्ट) लावणार असाल तर डिस्कवरची फाइल तपासू नका. माणूस एक बदल स्टेज करतो (पुढच्या कमिटसाठी निवडून ठेवतो) आणि पुढे टाइप करतच राहतो, कमिट होणार ते स्टेजवरचं. गिट शो, मग कोलन आणि त्याला चिकटून फाइलचा रस्ता असं दिलं की स्टेजवरचा मजकूर मिळतो, तोच टूलला द्या.

दुसरी_बाजू

जुन्या प्रोजेक्टवर पहिल्यांदा चालवलं की शेकडो एरर येतात आणि तिथेच उत्साह मावळतो, त्याचं काय?

टर्मिनलवासी

त्यासाठी आजच्या सगळ्या एरर एका फाइलमध्ये लिहून ठेवायच्या आणि पुढे फक्त नव्या दाखवायच्या. नोंद करताना ओळीचा नंबर वापरू नका, वर एक ओळ घातली की सगळे नंबर सरकतात आणि जुन्या एरर नव्या होऊन परत येतात. फाइलचं नाव, नियमाचं नाव आणि त्या ओळीचा मजकूर एवढं धरा. सारख्याच ओळी दोनदा असतील तर किती वेळा ते पण लिहा. आणि ही यादी रिपॉझिटरीतच ठेवा म्हणजे ती कमी होताना सगळ्यांना दिसते.

नवशिका

कॉलमबद्दल एक सापडलं ते टाकतो. 'क्षि' स्क्रीनवर एक दिसतं पण पायथनमध्ये त्याची लांबी ४ येते, म्हणजे 'ओळ ८० पेक्षा लांब नको' हा नियम मराठी मजकुराच्या ओळींवर उगाच ओरडतो. मी तो नियम मजकुराला लावतच नाही आता, फक्त टॅगला.

कंस_पूर्ण

बरोबर केलंस. इमोजी असतील तर अजून एक, पायथन त्याला एक मोजतो आणि यूटीएफ-१६ मध्ये ते दोन युनिट असतात, एडिटरशी बोलणारा लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल मुळात यूटीएफ-१६ ने मोजतो. प्लगिन लिहायची वेळ आली की तिथे कॉलम बदलून द्यावा लागेल.

अर्धविराम

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. कंस_पूर्ण यांच्या पद्धतीने स्टॅक बदलला आणि एररची माळ थांबली, आता चूक एक तर मेसेज एक. नियम प्रत्येकी वेगळ्या फंक्शनमध्ये टाकलेत आणि प्रत्येकासोबत दोन छोट्या फाइली, एकीवर एरर यायलाच हवी आणि दुसरीवर यायलाच नको. ही दुसरी फाइल जास्त कामाची ठरतेय, रिकामा ऑल्ट, एसव्हीजीमधली तिरपी रेघ, कोटच्या आतलं मोठेपणाचं चिन्ह, हे सगळं तिथे टाकलंय म्हणजे उद्या कुणी नियम 'सुधारला' तर लगेच कळेल.

आता कोट आणि कॅपिटल टॅग टूलनेच दुरुस्त करावेत असं म्हणतोय, पण एक दुरुस्ती केली की पुढच्या सगळ्या जागा सरकतात. प्रत्येक दुरुस्तीनंतर फाइल परत पार्स करायची का?

मोकळीओळ

नको, उलट्या क्रमाने करा. सगळ्या दुरुस्त्या आधी गोळा करा, प्रत्येकीची सुरुवात, शेवट आणि नवा मजकूर, मग फाइलच्या शेवटाकडून सुरुवातीकडे लावत या. शेवटाकडचं बदललं तरी सुरुवातीकडच्या जागा जिथल्या तिथे राहतात. दोन दुरुस्त्या एकाच जागेवर आल्या तर एकच लावा, दुसरी पुढच्या फेरीला. आणि सिंगल कोटचे डबल करताना व्हॅल्यूच्या आत डबल कोट आहे का ते आधी बघा, असेल तर ती जागा सोडून द्या आणि फक्त वॉर्निंग दाखवा, ऑनक्लिकमध्ये असं बऱ्याचदा असतं.